'मर्यादा लिहा' : मूलद्रव्यांच्या पहिल्या मांडण्या

आमच्या वेळच्या रसायनशास्त्राच्या वहीत एक पान हमखास असे. त्यावर तीन मथळे : डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्हची आवर्तसारणी. प्रत्येकाखाली पट्टीने अधोरेखित केलेले दोन उपमथळे, 'गुण' आणि 'मर्यादा'. सर फळ्यावर लिहीत, आम्ही उतरवून घेत असू, आणि परीक्षेत 'मर्यादा लिहा' हा दोन गुणांचा प्रश्न दिसला की सुटकेचा निःश्वास टाकत असू. त्या पानामुळे डोबेरायनर आणि न्यूलँड्स माझ्या मनात कायमचे काठावर नापास झालेले विद्यार्थी होऊन बसले. एक तिनापर्यंत मोजून थकला, दुसरा आठापर्यंत. मग रशियातून दाढीवाला मेंडेलीव्ह आला आणि बोर्डात पहिला आला.

या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना ते पान मला मनातल्या मनात फाडून टाकावे लागले. १७८९ ते १८७१ या सुमारे ऐंशी वर्षांत मूलद्रव्ये लावून ठेवण्याचे जे प्रयत्न झाले, तो लेखिकेचा विषय. आवर्तसारणीवर मराठीत लेख बरेच आहेत, पण ते बहुतेक मेंडेलीव्हच्या जन्मगावापासून सुरू होतात. लेखिका त्याच्या आधीच्यांच्या मर्यादांपाशी मुक्काम ठोकतात. मांडणी अडली कुठे, कशाने अडली, हे आकडे पुढे ठेवून तपासतात. आणि बहुतेक ठिकाणी आढळते ते असे, की मांडणाऱ्याची नजर बरोबर होती, त्याच्या हातातला आकडा चुकलेला होता.

मांडणी हा शब्द मला इथे फार सोयीचा वाटतो, कारण जुन्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या फळीलाही आपण मांडणीच म्हणतो. ती फळी कशी लावायची यावर घरोघरी मतभेद असत. पितळेची एकीकडे, तांब्याची दुसरीकडे, हा एक पक्ष. रोज लागणारी हाताशी, सणावारी लागणारी वर, हा दुसरा. आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ उतरंड लावा, मग जे दिसायचे ते आपोआप दिसेल, हा तिसरा. मूलद्रव्यांच्या मांडणीतही साधारण हेच तीन पक्ष होते आणि त्यांचे भांडण भांड्यांच्या भांडणापेक्षा कमी कडवट नव्हते.

फळीवर मुळात ठेवायचे काय, हे ठरवणारा पहिला माणूस आंत्वान लाव्हाझिए. सोने, रुपे, तांबे, लोखंड, शिसे, कथील, पारा, गंधक यांच्याशी माणसाची ओळख हजारो वर्षांची. कल्हईवाला तापल्या पातेल्यात कथिलाची कांडी फिरवतो तेव्हा शुद्ध मूलद्रव्यच हाताळत असतो. पण हे मूलद्रव्य आहे आणि चुना नाही, हे कोणी म्हणायचे आणि कशावरून? लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात कसोटी दिली : पृथक्करण करत करत जिथे हात टेकावे लागतात, ते मूलद्रव्य. आज टेकले, उद्या कदाचित पुढे जाता येईल, हेही त्याने कबूल करून ठेवले. त्याच्या यादीत ३३ नावे होती. त्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या पंक्तीला प्रकाश आणि उष्णता बसलेली, आणि शेवटी चुना, मॅग्नेशिया, सिलिका अशा पाच 'माती'. या माती पुढे संयुगे निघतील असा त्याला संशय होता. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या बळावर चुन्यातून कॅल्शियम वेगळे करून तो खरा केला. ते पाहायला लाव्हाझिए उरला नव्हता. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ च्या मे महिन्यात गिलोटिनखाली त्याचा अंत झाला होता.

त्यानंतरची काही दशके गुणधर्मवाल्यांची. फ्रान्समध्ये तेनारने धातूंची प्रतवारी त्यांच्या ऑक्सिजनच्या ओढीवरून लावली. एकाच गुणावरून केलेली ही कृत्रिम प्रतवारी आहे, वनस्पतिशास्त्रात करतात तशी सगळे गुण पाहून नैसर्गिक कुळे पाडली पाहिजेत, असा आक्षेप १८१६ मध्ये घेतला तो अँपिअरने. होय, विजेच्या अँपिअरनेच. स्वीडनच्या बर्झेलियसने धन-ऋण विद्युत स्वभावावरून लांबलचक रांग लावली. या मांडण्या वाईट नव्हत्या, पण त्यांत भर पडत जाई, बांधा येत नसे. पुस्तकातही हे प्रकरण थोडे रेंगाळते, हे सांगायला हरकत नाही.

खरी रंगत आकडे आल्यावर. १८०८ मध्ये डाल्टनने अणुसिद्धांत मांडला आणि प्रत्येक मूलद्रव्याला एक अणुभार चिकटला. आकडा हाती आला की माणसाला त्यात खोड्या करण्याचा मोह होतोच. लंडनच्या विल्यम प्राउट या डॉक्टरने १८१५ मध्ये, तेही निनावी, सुचवले की सगळे अणुभार हायड्रोजनच्या पटीत आहेत, म्हणजे सगळे पदार्थ मुळात हायड्रोजनचेच असावेत. कल्पना देखणी होती. क्लोरिनचा ३५.५ तेवढा घशात अडकला. बेल्जियमच्या झाँ स्तासने प्राउट बरोबर ठरेल अशा विश्वासाने काटेकोर मोजणीला सुरुवात केली आणि अखेर निकाल प्राउटच्या विरुद्ध दिला. विज्ञानातला प्रामाणिकपणा दाखवायला मला हे उदाहरण पुरेसे वाटते.

आणि मग आमच्या वहीतला डोबेरायनर. हा येना विद्यापीठातला प्राध्यापक, एका गाडीवानाचा मुलगा, रीतसर शिक्षण जवळपास नाही. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम या कुटुंबाकडे त्याचे लक्ष १८१७ मध्येच गेले होते. १८२६ मध्ये ब्रोमीन सापडले आणि १८२९ मध्ये त्याने आपली त्रिके जाहीर केली. लिथियम ७, पोटॅशियम ३९. बेरीज करून निम्मे करा, २३ येतात, आणि सोडियमचा अणुभार २३. क्लोरिन ३५.५, आयोडीन १२७. सरासरी ८१ च्या वर जराशी, ब्रोमीन ८०. गुणधर्मांतही मधला भाऊ खरोखरच मधला. गुणधर्म आणि आकडा एकमेकांशी काहीतरी बोलत आहेत, हे इतक्या स्पष्टपणे त्याच्याआधी कोणी दाखवले नव्हते. वहीतल्या मर्यादेत लिहिले होते : 'सर्व मूलद्रव्यांची त्रिके करता आली नाहीत.' बरोबरच आहे. ग्मेलिन, पेटेनकोफर, ड्यूमा यांनी पुढच्या तीस वर्षांत त्रिकांची चौकडी केली, पंचक केले, पण कुटुंबाला कुटुंब जोडून गाव काही होईना.

गाव का होत नव्हते, हे सांगणारा भाग मला या पुस्तकाचा गाभा वाटतो. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो; याबद्दल वाद नव्हता. पण एका ऑक्सिजन अणूमागे हायड्रोजनचे अणू किती? एक म्हणाल तर ऑक्सिजनचा भार ८, दोन म्हणाल तर १६. आणि अणू मोजायचे साधन कोणाकडेच नव्हते. मग कोणी ८ धरी, कोणी १६. कार्बन कोणाचा ६, कोणाचा १२. केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची, म्हणजे आपल्या शिरक्याची, तेव्हा प्रचारात असलेली १९ वेगवेगळी सूत्रे छापली होती! आता ८ च्या हिशेबाने, त्या वेळच्या तुल्यभारांनी रांग लावून पाहा : कार्बन ६, लिथियम ७, ऑक्सिजन ८, मॅग्नेशियम १२, नायट्रोजन १४, गंधक १६, फ्ल्युओरीन १९, कॅल्शियम २०, सोडियम २३. मॅग्नेशियम नायट्रोजनच्या आधी, कॅल्शियम सोडियमच्या आधी. या रांगेपुढे मेंडेलीव्ह बसला असता तरी त्याला काही दिसले नसते.

हा गुंता सोडवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे युरोपभरचे शंभरावर रसायनज्ञ तीन दिवस जमले. परिषदेत ठराव वगैरे काही धड झाला नाही. पण सिसिलीच्या कान्निझारोने आपल्या देशबांधवाची, आव्होगाद्रोची, १८११ मधली विसरलेली कल्पना उकरून काढली : समान तापमान व दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. त्यावरून अणुभार कसे ठरवायचे, ते सांगणारी त्याची १८५८ ची पुस्तिका परिषद उठताना वाटण्यात आली. ती घरी नेऊन वाचणाऱ्यांत दोन तरुण होते, लोथार मायर आणि दिमित्री मेंडेलीव्ह. ऑक्सिजन १६, कार्बन १२, कॅल्शियम ४०. भांडी तीच राहिली, आकार कळले.

त्यानंतर नऊ वर्षांत सहा जणांना, एकमेकांशी फारसा संबंध नसताना, तीच गोष्ट दिसली. हा योगायोग कान्निझारोच्या पुस्तिकेशिवाय समजत नाही, आणि आमच्या वहीत कान्निझारो नव्हता.

पहिला फ्रेंच भूशास्त्रज्ञ द शाँकुर्त्वा. १८६२ मध्ये त्याने एका वृत्तचितीच्या परिघाचे १६ भाग केले आणि तिच्याभोवती अणुभारांची तिरकी रेघ मळसूत्रासारखी गुंडाळली. लिथियम ७, सोडियम २३, पोटॅशियम ३९ : प्रत्येकात फरक १६ चा, म्हणून तिघे एकाच उभ्या रेघेत एकाखाली एक. दुर्दैव असे की विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने लेख छापला, आकृती गाळली. आकृतीविना मळसूत्र समजून घेणे म्हणजे ऐकून रांगोळी काढणे. लेख कोणाला कळला नाही.

न्यूलँड्सची गोष्ट जास्त बोचणारी आहे. हा लंडनचा रसायनज्ञ. कार्ल्सरूहेची परिषद भरली त्या वर्षी तो गॅरिबाल्डीच्या बाजूने लढायला इटलीत गेला होता. आई इटालियन वंशाची. परत येऊन त्याने मूलद्रव्यांना अणुभाराच्या चढत्या क्रमाने चक्क अनुक्रमांक दिले आणि १८६५ मध्ये सांगितले की कोणत्याही मूलद्रव्यापासून आठवे त्याच्यासारखे निघते. याला त्याने पाश्चात्त्य संगीतातला शब्द लावला. आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्याचे 'अष्टक' केले, आणि मराठी कानाला अष्टक म्हटले की मंगलाष्टकच आठवते. खरे तर आपल्याकडे स्वर सात, म्हणून सप्तक. आठवा सा हा पुढच्या सप्तकाचा पहिला. न्यूलँड्सला म्हणायचे होते तेही हेच.

१ मार्च १८६६ च्या संध्याकाळी त्याने आपला तक्ता लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे ठेवला. सभेत जॉर्ज कॅरी फॉस्टर यांनी विचारले की मूलद्रव्यांची नावे आद्याक्षरांनुसार लावून कधी पाहिली का. अकारविल्हे! तशीही काही साम्ये सापडतीलच, असा टोमणा. सोसायटीने निबंध छापला नाही. पण टोमण्यामागे एक खरी अडचण होती. न्यूलँड्सने तक्त्यात एकही रिकामी जागा सोडली नव्हती. त्यामुळे लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या ओळीत जाऊन बसले, कोबाल्ट आणि निकेल फ्ल्युओरीन-क्लोरिनच्या ओळीत एकाच घरात कोंबले गेले. पुढे तो एका साखर कारखान्यात रसायनज्ञ झाला. १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिले, मेंडेलीव्ह आणि मायर यांना दिल्यावर पाच वर्षांनी. मला विचाराल तर रिकामी जागा न सोडणे ही त्याची मर्यादा होतीच. पण अनुक्रमांक लावणे हा त्याचा गुण वहीत कोणीच लिहिला नाही.

ऑडलिंग आणि अमेरिकेतला हिन्रिक्स यांच्याकडे मी इथे वळत नाही. पुस्तकात ते आहेत. मायरचा तक्ता १८६४ मध्ये आला, २८ मूलद्रव्यांचा आणि संयुजेवर आधारलेला, आणि १८७० चा त्याचा अणु-आकारमानाचा चढउताराचा आलेख आजही डोळ्यांना आवर्तन दाखवतो. तो सावध माणूस होता. सावधपणा ही सद्गुणातली मर्यादा.

मेंडेलीव्ह सावध नव्हता. शिवाय तो पाठ्यपुस्तक लिहीत होता, हे विसरू नये. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला भाग क्लोरिन-ब्रोमीन-आयोडीनवर संपला, दुसरा सोडियमच्या कुटुंबाने सुरू झाला. पुढे कोण घ्यायचे? क्लोरिन ३५.५ शेजारी पोटॅशियम ३९, ब्रोमीन ८० शेजारी रुबिडियम ८५, आयोडीन १२७ शेजारी सीझियम १३३. कुटुंबे शेजारी-शेजारी लावली की गाव होते, हे त्याला दिसले. रशियन पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९ ला, चीज बनवणाऱ्या डेअऱ्यांच्या पाहणीसाठी आलेल्या एका पत्राच्या पाठीवर त्याने आकडे खरडले, आणि त्याच दिवशी ६३ मूलद्रव्यांचा तक्ता तयार केला. आपल्या पंचांगाने तो दिवस १ मार्च, न्यूलँड्सच्या सभेला बरोबर तीन वर्षे. तो पत्ते मांडून बसला होता ही गोष्ट सगळीकडे सांगतात. त्याच्या कागदपत्रांत पत्ते मात्र सापडलेले नाहीत.

त्याने रिकामी घरे ठेवली आणि १८७१ मध्ये तिथे येणाऱ्या पाहुण्यांना नावेही दिली : एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हे 'एका' म्हणजे संस्कृतातले एक. यामागे थेट पाणिनी होता असे ठासून सांगणारे लेख अधूनमधून वाचनात येतात; लेखिका त्या मोहात पडलेल्या नाहीत याचे मला समाधान वाटले. १८७५ मध्ये गॅलियम सापडले. शोधणाऱ्याने घनता ४.७ सांगितली, मेंडेलीव्हने कळवले की ५.९ यायला हवी, पुन्हा मोजा. पुन्हा मोजल्यावर ५.९ आली. १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम. याच ओढीने कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय भारतीय खनिजांचे पृथक्करण करत होते, सारणीतले एखादे रिकामे घर आपल्या हातून भरेल या आशेने. ते भरले नाही. पण १८९६ मध्ये त्यांच्या हाती मर्क्युरस नायट्राइट लागले.

सारणीला खरा धक्का दिला तो तिने न सांगितलेल्या वायूंनी. १८९४ मध्ये आर्गॉन सापडला, पाठोपाठ १८९५ मध्ये पृथ्वीवर हेलियम, आणि एक अख्खी नवी ओळ आत शिरून आठव्याचा नववा झाला. इथे मराठी वाचकाला विजयदुर्ग आठवेल. किल्ल्यातल्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून नॉर्मन लॉक्यरने १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे तिकडे अभिमानाने सांगतात. लॉक्यर त्या वर्षी इंग्लंडातच होता; सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला तो आला हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओट्यांचे मोल त्याने काही कमी होत नाही.

आता त्या त्रिकांकडे परत. १९१३ मध्ये मोस्लीने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की मूलद्रव्याची खरी ओळख अणुभार नसून अणुअंक आहे, म्हणजेच रांगेतला क्रमांक. न्यूलँड्सने चाचपडत लावला होता तसला. अणुअंक घेऊन डोबेरायनरची बेरीज पुन्हा करा. लिथियम ३, पोटॅशियम १९ : निम्मे ११, सोडियम ११. क्लोरिन १७, आयोडीन ५३ : निम्मे ३५, ब्रोमीन ३५. गंधक १६, टेल्युरियम ५२ : सेलेनियम ३४. कॅल्शियम २०, बेरियम ५६ : स्ट्रॉन्शियम ३८. अणुभारात जवळपास येणारी सरासरी अणुअंकात तंतोतंत. प्राउटचेही तसेच, क्लोरिन हे ३५ आणि ३७ अशा दोन समस्थानिकांचे मिश्रण निघाले आणि त्याचा साडेपस्तिसाचा काटा निघाला.

हे पुस्तक आत्ता का, याला एक निमित्त आहे. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचे प्रकरण वगळले. नव्या छपाईची पुस्तके २०२३ मध्ये आली तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला. महाराष्ट्राच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ते आहे, पण गुण-मर्यादांच्या चौकटीतच. आणि सारणी काही पूर्ण होऊन भिंतीवर टांगलेली वस्तू नाही. ११३, ११५, ११७ आणि ११८ या क्रमांकांच्या मूलद्रव्यांना नावे मिळाली ती २०१६ मध्ये. हायड्रोजनला कुठे बसवायचे, तिसऱ्या गणात लँथॅनम घ्यायचे की ल्युटेशियम, यावर आजही तज्ज्ञ हुज्जत घालतात.

लेखिकेची भाषा वर्गातली आहे, व्याख्यानातली नाही. त्यांनी अणू आणि रेणू हे शब्द मराठी अर्थाने वापरले आहेत. हिंदीत शिकलेल्यांनी सावध राहावे, कारण तिकडे अणु म्हणजे आपला रेणू. प्रत्येक मांडणी तिच्या काळच्या आकड्यांनिशी दिली आहे, आजचे आकडे गुपचूप घालून सोपी केलेली नाही. त्यामुळे काही पाने पेन्सिल घेऊन वाचावी लागतात. ऑडलिंगवर झालेला अन्याय त्यांना वाटतो तेवढा मला वाटत नाही, पण हा वाद वाचकाने आपापला सोडवावा.

शेवटी परिशिष्टात कापून घ्यायच्या ६३ चिठ्ठ्या आहेत, १८६९ च्या अणुभारांसह. मी त्या खरोखर कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. कॅल्शियमपर्यंत हात सराईतासारखा चालला. मग इंडियम आले, ७५.६, आर्सेनिक ७५ आणि सेलेनियम ७९.४ यांच्यामध्ये ते घुसले की पुढचे सगळे एका घराने सरकते. ते बाजूला ठेवले. मेंडेलीव्हनेही १८६९ मध्ये बाजूलाच ठेवले होते, प्रश्नचिन्ह लावून. मग टेल्युरियम १२८ आणि आयोडीन १२७. आकडा म्हणतो आयोडीन आधी, स्वभाव म्हणतो टेल्युरियम आधी. मेंडेलीव्हने स्वभावाचे ऐकले आणि टेल्युरियमचा आकडा चुकला असणार असे जाहीर केले. आकडा चुकलेला नव्हता, जागा मात्र बरोबर होती. मी दोन्ही चिठ्ठ्या तीनदा उलटसुलट केल्या. ताटे मांडायला घरातली मंडळी आली, तेव्हा टेल्युरियम हातातच होते.